होतकरूंचा सौदा

फळावरून झाडाची परीक्षा करावी, हें सूत्र खरें आहे. परंतु फळावरून झाड लावणाराच्या शहाणपणाचीही परीक्षा करावी काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकास तो पदोपदीं अडवितो. ज्या दिवशीं एखादा निर्णय होतो त्या दिवशीं निर्णय करणारापुढें अंधार असतो. आपण त्याचा न्याय करावयास बसतों तेव्हां आपल्या हातीं दिवा असतो. हा दिवा आपण आपल्या बुद्धीनें पेटविलेला नसून काळानें आपल्यास आयता दिलेला आहे, एवढें विसरलें म्हणजे मागल्या माणसांस मूर्ख ठरविणें फार सोपें होऊन जातें.

ह्या प्रश्नाचा ऊहापोह सामान्यतः लढाया, तह आणि राज्यक्रांत्या ह्यांच्या संबंधांत होत असतो. पण तेथें कारणें असंख्य, पुरावा अपुरा, आणि न्याय करणारांच्या मनांत स्वकीय-परकीय हा भेद भरलेला. त्यामुळें विचार गढूळ होतो. म्हणून आम्हीं मुद्दाम एक लहानसें क्षेत्र निवडलें आहे. तें म्हणजे अमेरिकेंतील बेसबॉलच्या संघांमध्यें होणारी होतकरू खेळाडूंची अदलाबदल. विषय पाहून कांहीं वाचक भुंवया उंचावतील. परंतु ज्या व्यवहारांत दिलें काय व घेतलें काय ह्याचा हिशेब आंकड्यांनीं ठेवलेला आहे, त्या दिवशीं उभय पक्षांस काय कळण्यासारखें होतें हें छापील स्वरूपांत उपलब्ध आहे, आणि पुढील वीस वर्षांचा परिणामही तितकाच स्पष्ट आहे, असा व्यवहार इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हातीं क्वचितच लागतो. शिवाय आमचा त्यांत कोणताच हितसंबंध नाहीं. डेट्रॉइट जिंको कीं बॉस्टन हरो, आमच्या घरची चूल तशीच पेटणार.

आमच्या बहुतेक वाचकांस क्रिकेट ठाऊक आहे. तेवढ्या भांडवलावर काम भागेल. बेसबॉलमध्यें ‘पिचर’ चेंडू फेकतो आणि फलंदाज तो टोलवितो. पिचर थकला म्हणजे त्याच्या जागीं दुसरा येतो, व बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यांत परत येत नाहीं. म्हणून सामना सुरू करणारे पिचर निराळे आणि शेवटचे एकदोन डाव सांभाळणारे निराळे, अशी विभागणी झालेली आहे. नऊ डावांमागें सरासरी किती धावा दिल्या, ह्यावरून पिचरची योग्यता मोजतात. चारांच्या आसपासचा आंकडा मध्यम समजावा, आणि त्याहून जितका लहान तितका पिचर चांगला. फलंदाजाचा हिशेब दर हजार संधींमागें यशस्वी टोले किती, असा करतात. तीनशें ही कीर्तीची पायरी होय. वरिष्ठ लीगमधील प्रत्येक संघाचे हंगामांत १६२ सामने ठरलेले असतात. आम्हांस ज्या काळाविषयीं लिहावयाचें आहे त्या काळीं हे संघ चार गटांत विभागलेले होते, आणि गटांत पहिला येणाऱ्या संघासच पुढच्या फेरींत प्रवेश मिळे. दुसरा आणि शेवटचा ह्यांत त्या दृष्टीनें भेद नव्हता.

वरिष्ठ लीगच्या खालीं कनिष्ठ लीगांची उतरंड आहे. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचे कारभारी ब्रँच रिकी ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत तिला आजचें स्वरूप दिलें. श्रीमंत संघ तयार खेळाडू विकत घेत. रिकी ह्यांच्यापाशीं तेवढा पैसा नव्हता. तेव्हां त्यांनीं लहान गांवांतले संघच हाताशीं धरले, आणि कोंवळीं पोरें तेथें ठेवून, तीं तयार झालीं म्हणजे वर आणण्याची व्यवस्था केली. अमेरिकन लोक ह्या व्यवस्थेस ‘फार्म’ म्हणजे शेतच म्हणतात, आणि हें नांव फार समर्पक आहे. कारण शेतांतलें पीक पेरणारानेंच खाल्लें पाहिजे असें नाहीं. नड पडली म्हणजे उभें पीकही विकतां येतें. जुलै-ऑगस्टच्या सुमारास अग्रस्थानासाठीं झगडणाऱ्या संघास एखाद्या अनुभवी खेळाडूची नड भासते. तळाशीं गेलेल्या संघास तो खेळाडू निरुपयोगी झालेला असतो. त्यास हवी असते ती पुढची आशा. मग एक पक्ष आपला उद्यांचा दिवस देतो आणि दुसऱ्याचा आज घेतो. आम्ही ज्या दोन सौद्यांचा विचार करणार आहों ते दोन्ही ह्याच जातीचे आहेत.

पहिला सौदा १९८७ सालचा. त्या ऑगस्टमध्यें डेट्रॉइटचा टायगर्स संघ गटाच्या अग्रस्थानासाठीं टोरांटोशीं झगडत होता, आणि त्यास सामना सुरू करणाऱ्या एका भरंवशाच्या पिचरची नड होती. अटलांटाच्या ब्रेव्ह्ज संघाच्या आशा मावळल्या होत्या, आणि त्याच्यापाशीं डॉयल अलेक्झांडर नांवाचा छत्तीस वर्षांचा जुना पिचर होता. त्या हंगामांत अटलांटाकडून त्यानें पांच सामने जिंकले व दहा गमावले होते. म्हणजे बाजारांत त्याचा भाव फारसा नव्हता. १२ ऑगस्ट रोजीं डेट्रॉइटचे कारभारी बिल लाजॉय ह्यांनीं त्यास घेतलें आणि बदल्यांत जॉन स्मॉल्ट्झ नांवाचा वीस वर्षांचा पोरगा दिला. स्मॉल्ट्झ मिशिगन राज्यांतलाच, डेट्रॉइटच्या संघावर लहानपणापासून जीव लावलेला. नव्या मुलांच्या १९८५ च्या निवडींत त्याचें नांव बाविसाव्या फेरींत निघालें होतें. सौद्याच्या वेळीं तो कनिष्ठ लीगांतील वरून दुसऱ्या पायरीवर, ग्लेन्स फॉल्स येथें खेळत होता. आणि तेथें त्याचे जय चार, पराजय दहा, व नऊ डावांमागें दिलेल्या धावा ५.६८ अशी स्थिति होती.

पुढें जें झालें तें अद्भुत होतें. अलेक्झांडरनें डेट्रॉइटकडून अकरा सामने सुरू केले, त्यांत नऊ जय मिळविले, पराजय एकही नाहीं, आणि नऊ डावांमागें धावा अवघ्या १.५३. हंगामाच्या शेवटच्या तीन दिवशीं डेट्रॉइट व टोरांटो समोरासमोर आले तेव्हां टोरांटो एका सामन्यानें पुढें होता. डेट्रॉइटनें तिन्ही सामने जिंकले, पैकीं पहिला अलेक्झांडरनें, आणि दोन सामन्यांच्या अंतरानें गट पटकाविला. परंतु पुढच्या फेरींत मिनेसोटानें त्यास चार विरुद्ध एक असें हरविलें, आणि त्या चार पराजयांपैकीं दोन अलेक्झांडरच्याच नांवावर पडले. १९८९ सालीं अठरा सामने गमावून अलेक्झांडर निवृत्त झाला. डेट्रॉइटला हंगामानंतरची फेरी पुन्हा २००६ पर्यंत दिसली नाहीं. इकडे स्मॉल्ट्झनें १९९६ सालीं चोवीस सामने जिंकून त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट पिचरचा मान मिळविला. सर्व कारकीर्द मिळून २१३ जय व १५४ सामन्यांचा यशस्वी शेवट एवढी कमाई केली. आणि २०१५ सालीं तो कीर्तिमंदिरांत जाऊन बसला. तेव्हांपासून डेट्रॉइटचा सौदा हा मूर्खपणाच्या सौद्यांच्या यादींत आरंभींच घालण्याची चाल पडली आहे.

ही चाल कितपत न्याय्य आहे? समजा, १९८८ च्या अखेरीस कोणी पंच नेमले असते. त्या वर्षीं स्मॉल्ट्झ वरिष्ठ लीगमध्यें आला. दोन जय, सात पराजय, नऊ डावांमागें ५.४८ धावा. अलेक्झांडरनें त्याच वर्षीं डेट्रॉइटसाठीं चौदा सामने जिंकले. पंचांनीं डोळे मिटून डेट्रॉइटच्या बाजूनें निकाल दिला असता. १९९६ सालीं त्याच पंचांनीं तो तितक्याच निःशंकपणें फिरविला असता. सौदा तोच, माणसें तींच, केलेला विचार तोच; मग बदललें काय? केवळ न्याय करणारांच्या भिंतीवरचें पंचांग! ज्या निकालास अशी तारखेची गरज लागते तो निकाल नशिबाचा आहे, शहाणपणाचा नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हा अलेक्झांडर एके काळीं स्वतःच होतकरू होता. डिसेंबर १९७१ मध्यें लॉस एंजेलिसच्या संघानें बाल्टिमोरकडून फ्रँक रॉबिन्सन हा नामांकित वयस्क फलंदाज घेतला, तेव्हां बदल्यांत जे चार तरुण दिले त्यांत एकवीस वर्षांचा अलेक्झांडर होता. बाकीचे तिघे कोण? बॉब ओब्रायन पुन्हा वरिष्ठ लीगमध्यें दिसलाच नाहीं. सर्जिओ रोब्लेस सगळे मिळून वीस सामनेही खेळला नाहीं. रॉयल स्टिलमनची मजल शंभर सामन्यांच्या आंतच थांबली. चारांपैकीं एक झाड वाढलें, तीन वाळलीं. आणि वाढलेल्या झाडाखालीं बसून लोक म्हणतात, पहा, रोपें कधीं विकूं नयेत! वाळलेल्या रोपांच्या सौद्यांची यादी कोणी ठेवीत नाहीं, आणि जे सौदे आठवणींत राहतात त्यांवरूनच नियम बांधले जातात. इतिहासलेखनांतील हा दोष फार जुना आहे. यशस्वी बंडखोराचीं चरित्रें होतात आणि फसलेल्या बंडखोरांच्या नांवाची नोंदही राहत नाहीं. त्यामुळें धाडस सफलच होतें, असा आपला समज होऊन बसतो.

आतां दुसरा सौदा पाहूं. तो १९९० सालचा, ३० ऑगस्टचा. बॉस्टनचा रेड सॉक्स संघ अग्रस्थानीं होता, पण सामन्याचा शेवट सांभाळणारा त्याचा प्रमुख पिचर जेफ रीअर्डन ह्याच्या पाठीवर त्याच महिन्यांत शस्त्रक्रिया झाली होती. कारभारी लू गॉर्मन ह्यांनीं ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोज संघाकडून लॅरी अँडरसन हा सदतीस वर्षांचा पिचर घेतला. अँडरसन शेवटचे एकदोन डाव खेळणारा, पण आपल्या कामांत निष्णात. बदल्यांत दिला तो जेफ बॅगवेल, वय वर्षें बावीस. हा बॉस्टनमध्येंच जन्मलेला, आणि न्यू ब्रिटन येथें, म्हणजे स्मॉल्ट्झ होता त्याच पायरीवर, तिसऱ्या तळावर खेळत होता.

अँडरसननें बॉस्टनसाठीं पंधरा सामन्यांत मिळून बावीस डाव टाकले आणि नऊ डावांमागें १.२३ धावा दिल्या. बॉस्टननें टोरांटोच्या पुढें दोन सामन्यांनीं राहून गट जिंकला. पुढच्या फेरींत ओकलंडनें त्यास सरळ चार सामन्यांत गारद केलें. त्यांतल्या पहिल्या सामन्याचा पराजय अँडरसनच्या नांवावर आहे. डिसेंबरांत तो बॉस्टन सोडून सॅन डिएगोकडे गेला. बॅगवेल १९९१ सालीं राष्ट्रीय लीगचा सर्वोत्कृष्ट नवा खेळाडू ठरला. १९९४ सालीं त्यानें हजारीं ३६८ ची सरासरी राखून ११० सामन्यांत ३९ वेळां चेंडू मैदानाबाहेर टोलविला, आणि एकमतानें त्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून निवडला गेला. पंधरा वर्षें तो ह्यूस्टनसाठींच खेळला, आणि २०१७ सालीं तोही कीर्तिमंदिरांत गेला.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, ह्या दोन कथा एकाच सांच्यांतून काढल्यासारख्या आहेत. दोन्हीकडे ऑगस्ट महिना, दोन्हीकडे म्हातारा पिचर, दोन्हीकडे टोरांटो दोन सामन्यांनीं मागें, दोन्हीकडे पुढच्याच फेरींत पराभव, आणि दोन्हीकडे गमावलेला मुलगा कीर्तिमंदिरांत. फळावरून न्याय करणारा माणूस दोघांसही एकाच दोरीनें बांधील. परंतु निर्णयाच्या दिवशीं जाऊन उभें राहिलें म्हणजे दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर दिसतें.

प्रथम घेतलें काय तें पाहूं. डेट्रॉइटनें सामना सुरू करणारा पिचर घेतला. असा माणूस दर पांचव्या दिवशीं सहा-सात डाव टाकतो. उरलेल्या सात आठवड्यांत त्यानें अठ्ठ्याऐंशींहून अधिक डाव टाकले. बॉस्टननें घेतलेल्या माणसाकडून, तो कितीही उत्तम खेळला तरी, एका महिन्यांत वीस-बावीस डावांहून अधिक अपेक्षाच नव्हती. म्हणजे घेतलेल्या मालाचें मापच चौपट कमी. शिवाय डेट्रॉइट चुरशीच्या मध्यावर होता आणि त्यास सात आठवडे काढावयाचे होते. बॉस्टनला केवळ अखेरचा महिना.

मग दिलें काय तें पाहूं. स्मॉल्ट्झपाशीं वेगवान हात होता, हें जाणते लोक पाहत होते आणि अटलांटानें तें पाहिलें हा अटलांटाचा गुण. परंतु त्याचे आंकडे वाईट होते, आणि वीस वर्षांच्या पिचरचा हात किती दिवस टिकेल हें ज्योतिषीही सांगूं शकत नाहीं. बॅगवेलची गोष्ट तशी नव्हती. त्यानें त्या हंगामांत हजारीं ३३३ ची सरासरी राखली होती, ३४ वेळां दोन तळांपर्यंत नेणारा टोला मारला होता, आणि तो आपल्या लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला होता. हें भविष्य नव्हे. हें त्या दिवशींच्या कागदावर लिहिलेलें होतें.

गॉर्मन ह्यांची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाहीं. बॉस्टनच्या तिसऱ्या तळावर वेड बॉग्ज हा त्या काळचा अग्रगण्य फलंदाज उभा होता. त्याच्या मागें वरच्या पायरीवर स्कॉट कूपर हा दुसरा तरुण तयार होत होता. पहिल्या तळासाठीं मो व्हॉन नांवाचा होतकरू राखून ठेवलेला होता, आणि त्यानें १९९५ सालीं अमेरिकन लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू होऊन ती निवड खरी करून दाखविली. मग बॅगवेलला जागा कोठें? शिवाय त्यानें सबंध हंगामांत मैदानाबाहेर टोले मारले ते चारच. असा हा बचाव आहे.

ह्यावर आमचें उत्तर असें. घरांत एक दागिना अधिक झाला म्हणजे तो विकावा, हें ठीक. पण घरांत जागा नाहीं म्हणून सोनें पितळेच्या भावानें विकावें, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? वस्तु आपणांस नको असली तरी ती दुसऱ्यास किती हवी आहे, ह्यावर तिची किंमत ठरते. जागेची अडचण तर ह्यूस्टनलाही होती; त्याच्या तिसऱ्या तळावर केन कॅमिनिटी होता. ह्यूस्टननें १९९१ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीं बॅगवेलला पहिल्या तळावर हलविलें, आणि प्रश्न मिटला. राहिले ते चार टोले. न्यू ब्रिटनचें मैदान टोलेबाजांस प्रतिकूल म्हणून प्रसिद्ध होतें, आणि तें मैदान बॉस्टनच्याच शेतांतलें होतें. आपल्या जमिनीचा कस मालकास ठाऊक नसावा काय?

येथें एका पुस्तकाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. बिल जेम्स नांवाचे एक लेखक बेसबॉलच्या आंकड्यांवर वार्षिक ग्रंथ काढीत असत. १९८५ च्या ग्रंथांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, कनिष्ठ लीगांतील कामगिरींतून त्या लीगचा दर्जा आणि मैदानाचा प्रभाव वजा केला म्हणजे तो फलंदाज वरिष्ठ लीगमध्यें काय करील ह्याचा बराच विश्वसनीय अंदाज बांधतां येतो. ह्याच रीतीनें त्यांनीं १९९१ च्या हंगामापूर्वीं जे अंदाज प्रसिद्ध केले, त्यांत वरिष्ठ लीगमध्यें एकही सामना न खेळलेल्या बॅगवेलचें नांव राष्ट्रीय लीगच्या फलंदाजांत अगदीं अग्रभागीं होतें. म्हणजे ज्ञान उपलब्ध होतें. पांच वर्षें तें दुकानांत विक्रीस होतें. तें वापरण्याची चाल मात्र अद्यापि बहुतेक संघांत पडली नव्हती. ह्यावरून गॉर्मन ह्यांचा अपराध कांहींसा सौम्य होतो, कारण तो त्यांच्या सगळ्या पिढीचा होता. परंतु तो नाहींसा होत नाहीं. जें कोणासच ठाऊक नव्हतें त्याच्या अज्ञानास क्षमा आहे. जें दाराशीं येऊन उभें होतें त्याकडे पाठ फिरविणारास तितकी नाहीं. ह्याच बॉस्टनच्या संघानें २००२ च्या अखेरीस त्याच जेम्स ह्यांस आपल्या पदरीं ठेविलें, आणि १९१८ नंतरचें आपलें पहिलें अजिंक्यपद २००४ सालीं मिळविलें. केवळ त्यांच्यामुळें मिळविलें असें आम्ही म्हणणार नाहीं; पण दाराबाहेरच्या पाहुण्यास अखेर आंत बोलाविलें, हें खरें.

तेव्हां आमचा निकाल असा: डेट्रॉइटनें शहाणपणाचा सौदा केला आणि नशिबानें त्यास बुडविलें; बॉस्टननें अविचाराचा सौदा केला आणि नशिबानें त्या अविचाराची पुरी किंमत वसूल केली. अलेक्झांडरवांचून डेट्रॉइटनें तो गट जिंकला असता, असें म्हणण्यास फार धाडस लागेल. अँडरसनवांचून बॉस्टननें कदाचित् जिंकला नसता. पण ओकलंडविरुद्धच्या चार सामन्यांत बॉस्टनच्या फलंदाजांनीं मिळून चारच धावा काढल्या, हा आंकडाही त्या हिशेबाच्या तळाशीं लिहिला पाहिजे. ज्याची वाण होती तेंच त्यांनीं विकलें होतें.

आतांपर्यंत आम्हीं दोन पक्षांचा विचार केला. परंतु ह्या व्यवहारास तिसरा पक्षही आहे, आणि त्यास कोणी विचारीत नाहीं. तो म्हणजे दिला गेलेला मुलगा. स्मॉल्ट्झला आपला आवडता संघ सोडावा लागला, बॅगवेलला आपलें जन्मगांव. दोघांचेंही पुढें कल्याण झालें, म्हणून तो प्रश्न बुजला. ओब्रायन किंवा रोब्लेस ह्यांच्या बाबतींत तो बुजत नाहीं. खेळाडू म्हणजे मालकाची वस्तु, ह्या कल्पनेविरुद्ध कर्ट फ्लड नांवाच्या नामांकित खेळाडूनें १९६९ सालीं आवाज उठविला. सेंट लुईसनें त्यास न विचारतां फिलाडेल्फियास देऊन टाकिलें, तेव्हां त्यानें जाण्याचें नाकारलें आणि न्यायालयाचा मार्ग धरला. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत पांच विरुद्ध तीन मतांनीं तो हरला, आणि त्यांत त्याची कारकीर्दही संपली. तथापि त्यानें पेरलेलें उगवलें. दहा वर्षें वरिष्ठ लीगमध्यें आणि त्यांतलीं शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूस अदलाबदल नाकारण्याचा हक्क १९७३ सालीं मिळाला, आणि १९७५ सालच्या एका लवादाच्या निवाड्यानें मालकांची जुनी मिठी सुटली. पण हें सर्व वरच्या माळ्यावर. शेतांतल्या पोरांस संघटनेचें छत्र मिळावयास २०२२ साल उजाडावें लागलें. त्यांचा पहिला सामुदायिक करार २०२३ सालीं झाला, आणि अदलाबदल नाकारण्याचा हक्क त्यांस त्यानेंही दिला नाहीं.

शेवटीं एक सामना सांगून लेख पुरा करतों. त्यासाठीं प्रथम अलेक्झांडरच्या आयुष्यांतला आणखी एक सौदा सांगितला पाहिजे. डेट्रॉइटला जाण्यापूर्वीं वर्षभर, जुलै १९८६ मध्यें, तो टोरांटोहून अटलांटास आला होता, आणि तेव्हां अटलांटानें त्याच्या बदल्यांत ड्वेन वॉर्ड नांवाचा बावीस वर्षांचा होतकरू पिचर देऊन टाकला होता. म्हणजे अटलांटानें एक पोर देऊन म्हातारा घेतला आणि तोच म्हातारा देऊन दुसरें पोर घेतलें. दुसरीकडे, ज्याच्या पाठीच्या दुखण्यामुळें बॅगवेल गेला, तो रीअर्डनही ऑगस्ट १९९२ च्या अखेरीस बॉस्टनहून अटलांटास आला. तोही दोन होतकरूंच्या बदल्यांत.

त्याच वर्षीं अंतिम मालिकेंत अटलांटा व टोरांटो ह्यांची गांठ पडली. १८ ऑक्टोबर १९९२ रोजीं झालेला दुसरा सामना अटलांटाकडून स्मॉल्ट्झनें सुरू केला. आठव्या डावाच्या अखेरीस अटलांटा चार विरुद्ध तीन असा पुढें होता. टोरांटोकडून तो आठवा डाव वॉर्डनें सांभाळला. नवव्या डावांत अटलांटाकडून चेंडू रीअर्डनच्या हातीं होता. टोरांटोच्या एड स्प्रेगनें तो मैदानाबाहेर भिरकावला, दोन धावा आल्या, आणि टोरांटो पांच विरुद्ध चार असा जिंकला. विजयी पिचर म्हणून नांव लागलें तें वॉर्डचें. पुढचाही सामना त्याच्याच नांवावर गेला, आणि टोरांटोनें मालिका चार विरुद्ध दोन अशी जिंकून आपलें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. ज्या टोरांटोस डेट्रॉइटनें व बॉस्टननें दोन-दोन सामन्यांनीं मागें टाकलें होतें, तोच हा संघ. दुसऱ्याच वर्षीं त्यानें तें पद राखलें, आणि वॉर्डनें त्या हंगामांत पंचेचाळीस सामन्यांचा यशस्वी शेवट केला. त्यानंतर त्याचा हात दुखावला. वरिष्ठ लीगमध्यें तो आणखी अवघे चार सामने खेळला.

ह्या एका संध्याकाळीं तीन सौद्यांचे धागे एका मैदानावर एकत्र आले होते, आणि त्यांतल्या कोणाही कारभाऱ्यानें ती संध्याकाळ मनांत आणून सही केलेली नव्हती. हिशेबाची वही कोणत्या पानावर बंद करावी, हें जर न्याय करणाराच्या लहरीवर असेल, तर त्या वहींतून शहाणा व मूर्ख निवडतां येणार नाहीं. निवडतां येतील ते सहीच्या दिवशींच्या कागदावरून. त्या दिवशीं काय कळण्यासारखें होतें, तें कळून घेण्याचा यत्न केला काय, आणि ज्याचें आयुष्य आपण दुसऱ्याच्या हातीं देत आहों त्याचा विचार मनांत आला काय, हे तीन प्रश्न विचारावे आणि उत्तर मिळाल्यावर थांबावें.

विशीच्या पोरांच्या नांवापुढें आंकडे मांडण्याचें काम आम्ही स्वतः अनेक वर्षें करीत आलों आहों, आणि आमचे वाचकही आईबाप ह्या नात्यानें ते आंकडे वाचीत आले आहेत. म्हणून ग्लेन्स फॉल्सचा तो ५.६८ हा आंकडा आम्हांस विसरवत नाहीं. तो खोटा नव्हता. ज्या दिवशीं लिहिला त्या दिवशीं तो बिनचूक होता. परंतु तो त्या मुलाच्या वीस वर्षांचा हिशेब होता, त्याच्या आयुष्याचा नव्हे.